उन्हाळ्यातले बर्फाळ लिंबू-कॉकटेल: घरी कसे करावे, कोणी जपून प्यावे आणि कोणी टाळावे

थोडक्यात

- लिंबू, मोसंबी आणि बर्फ यांचे गार पेय उन्हाळ्यात बहुतेकांना चालते. बर्फ कुठला, साखर किती आणि पिणाऱ्याला आजार कोणता, यावर ते किती सोसेल हे ठरते.
- त्यात दारू घातली की ते तहान भागवणारे पेय राहत नाही. घसा गार होतो, पण लघवीवाटे पाणी जास्त जाते.
- पाणी गोठवल्याने जंतू मरत नाहीत. कावीळ आणि टायफॉइड बर्फातूनही होतात.
- जुलाब-उलट्यांमध्ये हे पेय ओआरएसची जागा घेऊ शकत नाही.
- मधुमेह, किडनीचा विकार, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल, अथवा काही औषधे सुरू असतील, तर पुढचा मजकूर जरूर वाचा.
- उन्हात प्यायलेला माणूस असंबद्ध बोलू लागला तर "चढली असेल" म्हणून झोपवू नका.

मार्च संपत आला की दवाखान्यात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला मोकळेपणाने विचारला जातो: "डॉक्टर, लिंबू सरबत रोज घेतले तर चालेल ना?" दुसरा जरा हळू आवाजात येतो, सोबतचे माणूस औषध आणायला बाहेर गेल्यावर: "शनिवारी फार्महाऊसवर जातोय, गोळ्या चालू आहेत, एखाद-दोन ग्लास चालतील का?" हा लेख दोन्ही प्रश्नांसाठी आहे. आधी पेय कसे करायचे ते पाहू, मग ते शरीरात काय करते ते पाहू.

गार वाटणे आणि पाणी मिळणे

उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात. कष्टाचे काम किंवा खेळ असेल तर तासाला एक लिटर घामही जाऊ शकतो. ही तूट भरून काढायला पाणी आतड्यातून रक्तात पोचावे लागते आणि तिथे टिकावे लागते.

बर्फाळ पेय तोंडात घेताच तोंडातल्या आणि घशातल्या थंडी ओळखणाऱ्या नसा मेंदूला निरोप देतात आणि तहान तिथेच कमी होते. पोटात पाणी पुरेसे गेलेले नसतानाही "आता बरे वाटले" असे वाटते. म्हणून घसा गार झाला एवढ्यावर समाधान मानू नका. खरी खूण लघवीची आहे. ती फिकट पिवळी आणि नेहमीइतक्या वेळा होत असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद आणि थोडी होत असेल तर घसा कितीही गार असला तरी पाणी कमी पडते आहे.

घरी करण्याची पद्धत (दारूविना, चार ग्लास)

लागणारे साहित्य:

- मोसंबीचा ताजा रस ४०० मिली (संत्र्याचाही चालेल)
- ३ कागदी लिंबे
- सपाट ४ छोटे चमचे साखर
- सपाट पाव छोटा चमचा मीठ (आवडत असेल तर निम्मे काळे मीठ)
- पुदिन्याची ८-१० पाने, आल्याचा छोटा तुकडा
- उकळून गार केलेले किंवा फिल्टरचे थंड पाणी ३०० मिली

कृती:

१. हात साबणाने धुवा. फळे कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते.

२. मोसंबीचा रस काढताना बिया आणि पांढरा भाग चिरडू नका. त्यातल्या घटकांमुळे रस ठेवल्यावर कडू होतो. रस गाळा आणि लगेच बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा. साधारण ५ ते ६ तास लागतात.

३. वाढण्याच्या वेळी ट्रे दहा मिनिटे बाहेर ठेवा. दगडासारखे खडे थेट मिक्सरमध्ये घातले तर पात्यावर ताण येतो.

४. गोठलेल्या रसाचे खडे, पाणी, साखर, मीठ, पुदिना आणि आले मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. भुसभुशीत झाले की लिंबाचा रस घालून एकदाच फिरवा.

५. लगेच प्या. उरलेले परत गोठवून दुसऱ्या दिवशी वाढू नका.

या पद्धतीत वेगळा बर्फ लागत नाही, कारण रसच बर्फ होतो. त्यामुळे चव पाणचट होत नाही आणि बाहेरच्या बर्फाचा प्रश्नच उरत नाही. फळातली आणि वरून घातलेली मिळून एका ग्लासात सुमारे १४ ग्रॅम, म्हणजे जवळपास तीन छोटे चमचे साखर येते. थंड पदार्थात गोडी कमी जाणवते, म्हणून चव बघून साखर वाढवण्याचा मोह होतो. तो आवरा. मोसंबी गोड असेल तर वरची साखर निम्मी केली तरी चालते.

लोडशेडिंगमुळे ट्रे पूर्ण वितळून दोन तासांहून जास्त गरम घरात राहिला असेल, तर तो रस पुन्हा न गोठवता टाकून द्या.

बर्फ कुठला?

गोठवले की जंतू मरतात, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. फ्रीजरचे तापमान साधारण उणे १८ अंश सेल्सिअस असते. त्या थंडीत बरेच जंतू फक्त निपचित पडतात. बर्फ ग्लासात वितळला की ते पुन्हा कामाला लागतात. काविळीचे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू, टायफॉइडचे जिवाणू आणि उलट्या-जुलाबाचे विषाणू बर्फातून पसरू शकतात. दारूत बर्फ टाकला की जंतू मरतात, हाही तसाच गैरसमज. ग्लासातल्या दारूची तीव्रता त्यासाठी पुरेशी नसते.

कारखान्यातल्या लाद्यांचा बर्फ मासे आणि माल टिकवण्यासाठीही बनतो. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. अशा अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळसर बर्फ पेयात कधीही नको. पण पांढरा दिसतो म्हणून सुरक्षित, असेही धरून चालू नका. तो कोणत्या पाण्याचा आहे आणि कुठल्या पोत्यावरून ओढत आणला, हे रंगावरून कळत नाही.

घरी बर्फ करताना पाणी उकळून गार करा, ट्रे झाकून ठेवा आणि खडे हाताने न उचलता चिमट्याने उचला. लग्नात, समुद्रकिनाऱ्यावर किंवा रस्त्यावर बर्फाची खात्री नसेल तर बाटली थंड करून प्या, बर्फ घालू नका. गरोदर स्त्रियांनी हे कटाक्षाने पाळावे, कारण हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जिवावर बेतू शकतो.

हे ओआरएस नाही

"पोट बिघडलंय, लिंबू सरबत देतोय" असे पालक सांगतात. त्यामागचा विचार बरोबर आहे, प्रमाण मात्र चुकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनलेल्या ओआरएसमध्ये एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. आतड्यात मीठ आणि साखर जोडीने शोषली जातात आणि त्यांच्याबरोबर पाणी आत येते. म्हणून हे प्रमाण महत्त्वाचे.

वर दिलेल्या आपल्या पेयात साखर लिटरला ७० ग्रॅमच्या पुढे जाते आणि मीठ ओआरएसपेक्षा कमी असते. निरोगी माणसाला याने काही होत नाही. जुलाब सुरू असताना मात्र इतकी साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढू शकतात.

जुलाब-उलट्या असतील तर पाकिटातला ओआरएस सांगितल्याइतक्याच पाण्यात विरघळवा. पाकीट मिळेपर्यंत १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ घाला. चवीला चार थेंब लिंबू पिळले तरी चालेल.

दारू घातली तर काय बदलते?

मार्गारिटा, डायकिरी अशी नावे आता आपल्याकडच्या हॉटेलांतही मेनूकार्डावर दिसतात. डायकिरी मूळची क्यूबातली: पांढरी रम, लिंबू आणि साखर. मार्गारिटा म्हणजे टकिला, लिंबू आणि संत्र्याची लिकर. तिचा बर्फाळ प्रकार यंत्रातून काढण्याची सुरुवात १९७१ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात झाली, तीही सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रात बदल करून. आइस्क्रीमचे नाते इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गारवा आणि गोडी मिळून दारूचा जळजळीतपणा झाकतात. नुसती प्यायली असती तर जिथे हात थांबला असता, तिथे तो थांबत नाही.

हिशेब करून पाहा. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेले असते. अशा ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे ६० मिलीच्या पेगमध्ये २० ग्रॅम. मार्गारिटाच्या एका मोठ्या ग्लासात ६० मिली टकिला आणि ३० मिली लिकर, दोन्ही ४० टक्क्यांची, घातली तर ते २८ ग्रॅमच्या घरात जाते. पिणाऱ्याच्या लेखी तो "एकच ग्लास" असतो, यकृताच्या लेखी जवळपास तीन छोटे पेग. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटते. म्हणजे एका ग्लासाला तीन तास, कधी चारही.

उन्हाळ्यात याचे परिणाम असे होतात:

- पाणी घटते. मेंदूतली पीयूष ग्रंथी व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक सोडते. ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते. अल्कोहोल हा निरोपच दाबते. लघवी जास्त होते, वर घाम असतोच. पेय जितके तीव्र तितकी तूट मोठी.
- रक्तदाब घसरतो. उन्हात त्वचेतल्या रक्तवाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात. अल्कोहोल त्यात भर घालते. खुर्चीतून पटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे.
- अंदाज चुकतो. तहान, थकवा आणि ऊन किती लागले याचे भान कमी होते. सावलीत जायला हवे, हे सुचेनासे होते.
- पाण्यातला धोका वाढतो. प्यायल्यावर तलाव, विहीर, धबधबा किंवा समुद्रात उतरू नका. पोहता येणारी माणसेही अशा वेळी बुडतात.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात याच दिवसांत उर्राक निघतो, काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार. लिंबू सोडा, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि भरपूर बर्फ घालून तो दुपारीच घेण्याची तिथे पद्धत आहे. फेणीपेक्षा तो सौम्य असतो, पण सरबत नसतो. सुट्या बाटलीतल्या उर्राकची तीव्रता भट्टीगणिक बदलते आणि बाटलीवर टक्का लिहिलेला नसतो. म्हणून "हलका आहे" या भरवशावर ग्लास मोजणे सोडू नका. मिठामुळे आणि सोड्यामुळे त्याचा ओआरएसही होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. जे पीत नाहीत त्यांनी "उन्हाळ्यासाठी" सुरू करण्याचे काहीच कारण नाही. जे पितात त्यांनी निदान एवढे पाळावे: ऊन उतरल्यावर, जेवणाबरोबर, मोजून, आणि प्रत्येक ग्लासाबरोबर एक ग्लास साधे पाणी. लिकर मापाने घाला, हाताच्या अंदाजाने ओतू नका. गाडी चालवायची असेल तर अजिबात नको. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी कमी आहे, आणि गाडी चालवण्याचे कौशल्य बिघडायला तेवढीही लागत नाही.

हॉटेलात धूर निघणारे पेय समोर आले तर थांबा. तो धूर ड्राय आइसचा (उणे ७८ अंश) किंवा द्रव नायट्रोजनचा (उणे १९६ अंश) असतो. धूर पूर्ण थांबण्याआधी प्यायल्याने जठराला भोक पडल्याच्या घटना भारतातही घडल्या आहेत. तळाशी खडा दिसत असेल तर ते पेय परत करा.

औषधे सुरू असतील तर

दारू नसलेले लिंबू-मोसंबीचे पेय बहुतेक औषधांबरोबर चालते. दारू मात्र पुढील औषधांबरोबर धोक्याची आहे:

- मधुमेहाची काही औषधे, विशेषतः इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड. साखर घसरू लागली की यकृत नवी साखर बनवून रक्तात सोडते. दारू ते थांबवते. उपाशीपोटी प्यायल्यास मध्यरात्री किंवा पहाटे साखर धोकादायक खाली जाऊ शकते.
- मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल. उन्हाळ्यात जुलाबासाठी ही औषधे सर्रास दिली जातात. यांच्यावर दारू घेतल्यास उलट्या, धडधड, चेहरा लाल होणे असा त्रास होऊ शकतो. कोर्स संपल्यावरही तीन दिवस थांबा.
- झोपेची, चिंतेची, फिटची औषधे (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम इत्यादी) आणि गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.
- रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या. ऊन, घाम आणि दारू एकत्र आली की रक्तदाब फार खाली जातो.
- डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडांनाही बाधतात.
- क्षयरोगाची औषधे. यकृतावर दुहेरी भार पडतो.

फळांमध्ये एकच मोठा अपवाद आहे: ग्रेपफ्रूट आणि पपनस. यांतले काही घटक औषधे मोडणाऱ्या आतड्यातल्या एन्झाइमला बंद पाडतात, त्यामुळे औषध रक्तात प्रमाणाबाहेर चढते. अटोरव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन, निफेडिपिन, तसेच अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही त्यातली नेहमीची नावे. परिणाम दिवसभर टिकतो, म्हणून "गोळी सकाळी, रस संध्याकाळी" हा उपाय चालत नाही. लिंबू, मोसंबी आणि संत्रे नेहमीच्या प्रमाणात घेतल्यास ही अडचण सहसा येत नाही.

गोळी चुकवून प्यायचे, असा मार्ग काही जण काढतात. तसे करू नका. दारू आणि चुकलेली गोळी, दोन्हींचा त्रास मग एकत्र होतो.

कोणी जपावे?

- मधुमेह: मोसंबी न गोठवता साध्या पाण्याचा बर्फ वापरा. लिंबू, पुदिना, आले, चिमूटभर मीठ घाला आणि साखर घालू नका. मोसंबी सोलून फोडी खाणे रसापेक्षा बरे.
- किडनीचा जुना विकार, डायलिसिस: मोसंबी-संत्र्याच्या रसात पोटॅशियम बरेच असते आणि पाण्याचेही मोजमाप असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तहान असह्य झाली तर साध्या पाण्याच्या बर्फाचा छोटा खडा चघळा आणि तो दिवसाच्या पाण्यात धरा.
- उच्च रक्तदाब, हृदय कमकुवत: मीठ घालू नका. सैंधव आणि काळे मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.
- आम्लपित्त, तोंड येणे: लिंबू कमी करा, उपाशीपोटी घेऊ नका.
- गरोदर आणि स्तनदा माता: गरोदरपणात दारू अजिबात नको. स्तनपान सुरू असतानाही टाळणेच योग्य.
- वृद्ध: तहान कमी जाणवते. मागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने हातात ग्लास द्या.

लिंबाचा त्रास कातडीला आणि दातांनाही

लिंबाच्या सालीत आणि रसात सोरॅलेन गटातले घटक असतात. ते कातडीवर असताना ऊन पडले की भाजल्यासारखी प्रतिक्रिया होते. लगेच काही दिसत नाही. एक-दोन दिवसांनी बोटांवर, मनगटावर, रस ओघळला असेल त्या रेषेत लाली किंवा फोड येतात. मागे राहिलेले काळे डाग जायला आठवडे, कधी महिने लागतात. परदेशात याला गमतीने "मार्गारिटा डर्मटायटिस" म्हणतात. लहान मुलाच्या पाठीवर बोटांसारखे डाग दिसले तर आदल्या दिवशी लिंबू पिळलेल्या हातांनी त्याला कुणी उचलले होते का, हेही आठवून पाहावे. लिंबे घरात पिळा आणि उन्हात जाण्याआधी हात साबणाने धुवा. फोड आले तर फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

दातांचे सांगायचे तर, तासभर घोट घोट आंबट पिण्याने वरचे कवच मऊ होते. पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि किमान अर्धा तास ब्रश करू नका.

"चढली" म्हणून दुर्लक्ष करू नका

उन्हात दारू प्यायलेला माणूस अडखळतोय, बरळतोय, प्रतिसाद देत नाही. कारणे तीन असू शकतात: नशा, उष्माघात किंवा साखर घसरणे. बाहेरून तिन्ही सारखी दिसतात. सोबतचे लोक त्याला कोपऱ्यात झोपवतात आणि मोलाचा वेळ जातो.

असे करा:

१. लगेच सावलीत किंवा पंख्याखाली आणा. अंगाला हात लावून पाहा, थर्मामीटर असेल तर ताप मोजा. ताप ४० अंश सेल्सिअसच्या (१०४ फॅरनहाइट) आसपास किंवा वर आणि गोंधळलेपण, म्हणजे उष्माघात समजा. उष्माघातात घाम थांबतोच असे नाही.

२. १०८ ला फोन करा.

३. कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. मान, काखा आणि जांघांत फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

४. ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल किंवा मधुमेही असून तपासता येत नसेल, आणि माणूस शुद्धीत राहून गिळू शकत असेल, तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून द्या.

५. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, लिंबूपाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. एकट्याला सोडू नका.

माणूस शुद्धीत असला तरी सहा-आठ तास लघवी न होणे, थांबत नसलेल्या उलट्या, छातीत दुखणे, फिट येणे किंवा डोळे-लघवी पिवळी होणे यांपैकी काही असेल तर दवाखाना गाठा. सुट्या, बिनलेबलाच्या दारूनंतर धूसर दिसू लागले तर ती मिथाइल अल्कोहोलची विषबाधा असू शकते. तासाभराचाही उशीर करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उन्हातून आल्याबरोबर बर्फाचे प्यावे का?
निरोगी माणसाने घोट घोट प्यायला हरकत नाही. उन्हात सराव करणारे खेळाडू शरीराचे तापमान उतरवण्यासाठी बर्फाचा चुरा मुद्दाम घेतात. घटाघटा मात्र पिऊ नका, पोटात कळ येते आणि उलटी होऊ शकते.

बर्फाने घसा बसतो का?
घशाचा संसर्ग विषाणू आणि जिवाणूंमुळे होतो, थंडीमुळे नाही. अस्वच्छ बर्फ आणि उष्टे ग्लास हे त्यामागचे खरे कारण असू शकते. दमा असलेल्या काहींना मात्र अतिथंड पेयाने खोकल्याची उबळ येते, त्यांनी टाळावे.

पिताना कपाळात कळ येते, ते काय?
टाळूवर अचानक थंडी लागल्याने तिथल्या रक्तवाहिन्या आणि नसा प्रतिक्रिया देतात. मिनिटभरात थांबते. जीभ टाळूला दाबून धरा. धोका काही नाही.

मुलांना मॉलमधले रंगीत स्लश द्यावे का?
काही स्लशमध्ये साखर कमी करून ग्लिसरॉल घातलेले असते. लहान मुलांमध्ये त्यामुळे साखर घसरून गुंगी येऊ शकते. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२५ मध्ये सात वर्षांखालील मुलांना असे स्लश देऊ नये असे सांगितले. घरचे मोसंबीचे स्लश त्यापेक्षा केव्हाही चांगले.

लिंबू प्यायल्याने दारू उतरते का?
नाही. लिंबू, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. उतरवते ती फक्त वेळ.

मूतखडा आहे, चालेल का?
साखर-मीठ न घातलेले लिंबूपाणी बहुतेक प्रकारच्या खड्यांना चांगले, कारण त्यातले सायट्रेट खडा धरू देत नाही. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे हे त्याहून महत्त्वाचे.

पाहुणे येणार असतील तर टेबलावर दोन जग ठेवा: एक या सरबताचा, दुसरा साध्या थंड पाण्याचा. दारू ठेवायचीच असेल तर ती वेगळी ठेवा, जगात मिसळू नका. म्हणजे कुणी न पिणारा, गोळ्या घेणारा किंवा लहान मूल चुकून ती पिणार नाही, आणि पिणाऱ्यालाही आपण किती घेतली ते कळेल.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचा आजार आणि चालू औषधे लक्षात घेऊन तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला अंतिम माना.*